मॅग्नेटाइटचा आकडा कमी येतोय? व्हीएसएमला दोष देण्याआधी एवढं तपासा

"मॅडम, मशीन बिघडलंय वाटतं. आकडा लईच कमी येऊलालाय."

एमएस्सीच्या प्रकल्पांची घाई सुरू झाली की हे वाक्य ऐकायला मिळणार, हे ठरलेलं. मी लातूर जिल्ह्यातल्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. व्हीएसएमवर, म्हणजे नमुन्याचं चुंबकत्व मोजणाऱ्या व्हायब्रेटिंग सॅम्पल मॅग्नेटोमीटरवर, मुलांचे नमुने मोजून द्यायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. मराठवाड्यातल्या कुठल्याही जिल्ह्यात भौतिकशास्त्राच्या विभागात डोकावा, फेराइटवर, म्हणजे लोहाच्या चुंबकीय ऑक्साइडांवर, काम करणारं कुणीतरी भेटतंच. रसायनं स्वस्त, चंचुपात्र आणि भट्टी असली की नमुना होतो, आणि विषय मात्र थेट इलेक्ट्रॉनच्या स्पिनपर्यंत घेऊन जातो. बहुतेकांचा पहिला नमुना मॅग्नेटाइटचा असतो आणि पहिला फटकाही तिथेच बसतो. त्याची कारणं इतक्यांदा शोधली आहेत की शोधायचा क्रमच ठरून गेलाय. तो इथे लिहून ठेवते.

लक्षणं

आपल्याकडे यातलं नेमकं काय दिसतंय ते आधी ठरवा. कारण लक्षण वेगळं, तर कारणही वेगळं.

- सॅच्युरेशनचा आकडा, म्हणजे क्षेत्र कितीही वाढवलं तरी ज्याच्या पुढे चुंबकत्व वाढत नाही तो, ग्रॅममागे ९२ इएमयूच्या (चुंबकत्वाचं सीजीएस एकक) आसपास अपेक्षित होता. आला ७४, ६० किंवा त्याहून खाली.
- गणित करून रेणूमागे ३.८ बोहर मॅग्नेटॉन (अणूच्या पातळीवरचं चुंबकत्वाचं माप) यायला हवे होते; आले २.६.
- लूपची, म्हणजे क्षेत्र पुढे-मागे फिरवताना निघणाऱ्या चुंबकत्वाच्या आलेखाची, टोकं सपाट होत नाहीत. वर चढत राहतात किंवा खाली झुकतात.
- लूप मध्यभागी उघडा राहतो. कुठलाही नमुना ठेवा, ३०-४० ओर्स्टेडची (क्षेत्राचं एकक) कोअर्सिव्हिटी, म्हणजे चुंबकत्व शून्यावर आणायला लागणारं उलट क्षेत्र, ठरलेली.
- रेघ दातेरी येते. जातानाची वाट आणि येतानाची वाट जुळत नाही.
- तोच नमुना काल ८८ दाखवत होता, आज ८१.

कागदावर तारीख, नमुन्याचं वजन आणि लक्षण लिहा. दुपारनंतर सगळं एकमेकांत मिसळतं आणि कुठल्या मोजणीत काय दिसलं होतं ते आठवत नाही.

आधी हे समजून घ्या

मॅग्नेटाइटच्या एका रेणूत लोहाचे तीन आयन आणि ऑक्सिजनचे चार. लोहाच्या तिघांपैकी दोन फेरिक, एक फेरस. फेरिक आयनात जोडी न जमलेले पाच इलेक्ट्रॉन असतात, फेरसमध्ये चार. स्पिनेल रचनेत चार ऑक्सिजनांनी वेढलेल्या जागेला ए म्हणतात आणि सहांनी वेढलेल्या जागेला बी. मॅग्नेटाइटमध्ये एक फेरिक ए वर बसतो. दुसरा फेरिक आणि एकुलता फेरस बी वर. ए वरचे स्पिन एका दिशेला, बी वरचे बरोबर उलट दिशेला. दोन्ही फेरिकांचे पाच-पाच एकमेकांना खाऊन टाकतात आणि फेरसचे चार शिल्लक राहतात. म्हणून मॅग्नेटाइट रेणूमागे चार बोहर मॅग्नेटॉनचा चुंबक. लुई नेएल यांनी ही उलटसुलट मांडणीची कल्पना १९४८ मध्ये मांडली, तिला फेरीमॅग्नेटिझम हे नाव दिलं, आणि १९७० मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

अतिशीत तापमानाला मोजलं तर ग्रॅममागे साधारण ९८ इएमयू येतात, म्हणजे रेणूमागे चाराच्या किंचित वर. खोलीच्या तापमानाला उष्णतेच्या हालचालीने स्पिन थोडे डळमळतात आणि आकडा ९२ वर उतरतो. हा आकडा मोठ्या दाण्याच्या, शुद्ध मॅग्नेटाइटचा आहे. हे वाक्य लक्षात असू द्या, शेवटी परत लागणार आहे.

मला हे सगळं फार विलक्षण वाटतं. काळ्या भुकटीचे १५ मिलिग्रॅम वजन करून ठेवायचे, कॉइलमध्ये आलेला विद्युतदाब मोजायचा, आणि त्यातून एका रेणूतले किती इलेक्ट्रॉन एका बाजूला तोंड करून बसलेत ते सांगायचं. म्हणूनच आकडा चुकला की नुसतं "चालतंय" म्हणून पुढे जाऊ देणं मला पटत नाही.

पहिली तपासणी: वही

यात पैसा लागत नाही आणि निम्म्या तक्रारी इथेच मिटलेल्या मी पाहिल्या आहेत.

मॅग्नेटॉनची संख्या काढायचं सूत्र सगळ्यांना पाठ असतं: रेणूभार गुणिले सॅच्युरेशनचा आकडा, भागिले ५५८५. हा ५५८५ कुठून आला ते मात्र क्वचितच कुणी सांगतं. अॅव्होगाड्रोची संख्या आणि बोहर मॅग्नेटॉन यांचा तो गुणाकार आहे, सीजीएस एककांत. म्हणजे सॅच्युरेशन इएमयू प्रति ग्रॅममध्ये असेल तरच सूत्र चालतं. यंत्राने नुसते इएमयू दिले असतील आणि वजनाने भागायचं राहिलं असेल, किंवा वजन मिलिग्रॅममध्ये घातलं असेल, तर उत्तर कित्येक पटींनी, अगदी हजारपटीनेही चुकतं. एवढी मोठी चूक डोळ्यांना लगेच दिसते. खरी फसवणूक रेणूभारात होते. मॅग्नेटाइटचा रेणूभार २३१.५. त्याऐवजी हेमेटाइटचा किंवा मॅगेमाइटचा (दोन्ही नुसत्या फेरिकची ऑक्साइडं) १५९.७ घातला तर ९२ इएमयूचे बरोबर २.६ मॅग्नेटॉन येतात. लक्षणांतला २.६ आठवतोय ना? आकडा हुबेहूब असाच आला असेल तर यंत्राला हात लावायची गरज नाही.

दुसरी चूक जास्त खोलवरची आहे आणि ती हुशार मुलंच करतात. पुस्तकात फेरिक आयनाचा मोमेंट ५.९२ दिलेला असतो आणि फेरसचा ४.९०. मुलं हे आकडे घेऊन ए आणि बीची वजाबाकी करतात, ४.९० उत्तर काढतात आणि "प्रयोगात ३.८ च का?" म्हणून अडून बसतात. ५.९२ हा पॅरामॅग्नेटिक मोमेंट आहे. पाच गुणिले सात म्हणजे पस्तीस, त्याचं वर्गमूळ. फेरिक क्लोराइडच्या द्रावणावर क्विंकेच्या पद्धतीने किंवा गूईच्या तराजूवर आपण जो मोजतो, तो हा. तिथे स्पिन मोकळे असतात आणि क्षेत्राला थोडासाच प्रतिसाद देतात. सॅच्युरेशनमध्ये स्पिन पूर्ण ताणून एका दिशेला उभे केलेले असतात आणि तेव्हा एका इलेक्ट्रॉनमागे एक मॅग्नेटॉन मोजायचा असतो, म्हणजे फेरिकला सरळ पाच. दोन प्रयोगांतले आकडे एकमेकांत मिसळायचे नाहीत.

दुसरी: जुना स्पीकर आणि पांढरा कागद

फुटक्या स्पीकरमधला काळा गोल चुंबक काढून ठेवा. तोही फेराइटच असतो, बेरियम किंवा स्ट्रॉन्शियमचा. नमुन्यातली चिमूटभर पांढऱ्या कागदावर पातळ पसरा आणि कागदाखालून चुंबक फिरवा. मॅग्नेटाइट काळाकुळकुळीत असतो आणि सगळा एकजात धावतो. भुकटी चॉकलेटी दिसत असेल तर मॅगेमाइट झालाय, म्हणजे फेरसचं हवेतल्या ऑक्सिजनने फेरिक केलंय. लालसर झाक असेल आणि काही दाणे जागचे हलत नसतील तर हेमेटाइटचा शिरकाव आहे.

रंगाला इतकं महत्त्व का, तर मॅग्नेटाइटचा सगळा हिशेब फेरसच्या चार इलेक्ट्रॉनांवर उभा आहे. फेरस गेला की हिशेब बदलला. मॅगेमाइटचं सॅच्युरेशन खोलीच्या तापमानाला ७५ च्या आसपास असतं. हेमेटाइट तर जवळजवळ शून्यच म्हणायचा, ग्रॅममागे अर्ध्या इएमयूच्याही खाली, कारण त्यात उलटसुलट स्पिन जवळपास पूर्ण जुळून जातात.

आपल्याकडे फेरस वाया जातो तो बहुतेक बाटलीतच. वर्षानुवर्षं कपाटात पडलेल्या फेरस सल्फेटचे हिरवट खडे कडेने पिवळे-तपकिरी झालेले असतात. तसे खडे वजन करून घातले की फेरिक आणि फेरसचं दोनास एक हे प्रमाण सुरुवातीलाच बिघडतं. बाटली नवी घ्या, पाणी उकळून गार केलेलं घ्या, आणि धुतलेला नमुना कडक ओव्हनमध्ये हवेत भाजू नका. बारीक कण फार लवकर गंजतात.

तिसरी: वजन

व्हीएसएममध्ये १०-२० मिलिग्रॅम नमुना जातो. १५ मिलिग्रॅममध्ये एक मिलिग्रॅम इकडेतिकडे झालं की उत्तर सुमारे सात टक्क्यांनी हलतं. काल ८८, आज ८१ या लक्षणाचा उगम बहुतेक वेळा इथे असतो. तराजूवरचा पंखा बंद करा. तराजूची काचेची दारं लावा. टेफ्लॉन टेपचं वजन आधी घ्या, मग नमुन्यासकट घ्या, आणि मोजणी झाल्यावर बाहेर काढून परत घ्या. परतीचं वजन कमी भरलं तर भुकटी होल्डरमध्ये सांडली आहे. असं असेल तर आज मोजलेला हा नमुना तर गेलाच, उद्याचा दुसऱ्याचा नमुनाही बिघडणार.

मॅग्नेटाइटचं वजन करताना आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. तराजूच्या आत चुंबक असतो. नमुना आधी चुंबकाजवळ ठेवलेला असेल तर त्याची ओढ वजनात मिसळू शकते. नमुना जागच्या जागी फिरवून पुन्हा वजन घ्या. आकडा बदलला तर वजन विश्वासाचं नाही. तराजूच्या पॅनवर पालथं प्लास्टिकचं झाकण ठेवून नमुना थोडा उंच करा.

चौथी: मीठ

माझा सगळ्यात जास्त वेळ या तपासणीने खाल्ला आणि सगळ्यात जास्त वेळा उत्तरही हिनेच दिलं.

को-प्रेसिपिटेशन, म्हणजे द्रावणातून साका पाडून नमुना, करताना आपण लोहाची क्लोराइडं घेतो आणि सोडियम हायड्रॉक्साइड ओततो. मॅग्नेटाइट खाली बसतो, पण सोबत साधं मीठही तयार होतं. धुणं अर्धवट राहिलं की वाळलेल्या भुकटीत मीठ अडकतं. तराजूला ते वजन दिसतं, व्हीएसएमला त्याचं चुंबकत्व दिसत नाही. समजा, वजनातले २० टक्के मीठ आहे. ९२ चा नमुना मग ७४ दाखवणार. आणि ७४ हा जवळजवळ मॅगेमाइटचाच आकडा. मुलं लगेच निष्कर्ष लिहून मोकळी होतात की नमुन्याचं ऑक्सिडेशन झालं.

औशाकडच्या खेड्यातला एक मुलगा होता, मन लावून काम करणारा. त्याचा आकडा ५४ यायचा. नायट्रोजनमध्ये नमुना करून पाहिला, पुन्हा ५४. नवं फेरस आणलं, पुन्हा तेच. दोन महिने गेले आणि त्याचा चेहरा उतरत चालला होता. शेवटी मी त्याला म्हटलं, "बाळा, धुतलेलं शेवटचं पाणी एका परीक्षानळीत घे आणि सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाक." नळीत दूध ओतल्यासारखा पांढरा साका धरला. त्या दिवशी त्याने तोच नमुना पाणी निर्मळ येईपर्यंत धुतला, वाळवला, मोजला. ६८ आला. दोन महिन्यांत त्याने केलेला एकही नमुना मुळात वाईट नव्हता.

म्हणून सिल्व्हर नायट्रेटची चाचणी शिस्तीने करा. चंचुपात्राखाली चुंबक धरून भुकटी तळाशी ओढून ठेवायची, वरचं पाणी ओतायचं, नवं पाणी घालायचं, ढवळायचं. थेंब टाकल्यावर पाणी स्वच्छ राहीपर्यंत हेच. पाणी डिस्टिल्डच हवं, आणि आधी त्या डिस्टिल्ड पाण्याचीच चाचणी घ्या. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्लोराइड असतंच, त्यामुळे ते वापरलं तर नळी कधीच स्वच्छ दिसणार नाही. शिवाय पाणी जड असेल तर अल्कली घातल्याबरोबर त्यातला चुनाही तळाशी बसतो आणि तोही वजनात मोजला जातो. फेरस सल्फेट वापरलं असेल तर सल्फेटसाठी बेरियम क्लोराइडची चाचणी घ्या, पण ते विषारी आहे, हातमोजे घाला.

एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिकरचना ओळखायचं यंत्र) हाताशी असेल तर मिठाची मुख्य रेघ ३१.७ अंशाजवळ येते आणि चुन्याची २९.४ जवळ. मॅग्नेटाइटची सगळ्यात ठळक रेघ ३५.४ ची. अर्थात नमुना एक्सआरडीला पाठवून दोन आठवडे थांबण्यापेक्षा सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब बरे.

पाचवी: रिकामा होल्डर

नमुना न ठेवता पूर्ण लूप घ्या. होल्डर आणि टेफ्लॉन डायामॅग्नेटिक, म्हणजे क्षेत्राला किंचित विरोध करणारे, असतात, म्हणून रेघ सरळ आणि किंचित खाली उतरणारी यायला हवी. टोकं खाली झुकण्याचं कारण हेच. ही रेघ नमुन्याच्या लूपमधून वजा करायची. रिकाम्या होल्डरनेच छोटासा एस आकाराचा लूप दिला, तर तो घाण झालाय.

घाण कुठून येते? स्टीलच्या चमच्याने भुकटी काढली की चमच्याचे कण मिसळतात. प्लास्टिकचा चमचा घ्या. दुसरी वाट आपल्या पायाखालची आहे. जवळजवळ सगळा मराठवाडा बेसॉल्टवर बसलाय. वेरूळ-अजिंठ्याची लेणी ज्या दगडात कोरली तोच हा दगड, आणि त्यात टायटॅनियम मिसळलेल्या मॅग्नेटाइटचे बारीक दाणे असतात. आपली काळी माती याच दगडाची झालेली. ओढ्यातल्या वाळूत चुंबक फिरवून बघा, काळे कण चिकटून येतील. एप्रिल-मे मध्ये खिडकीतून येणारी धूळ होल्डरवर बसली आणि तुम्ही दुबळ्या चुंबकत्वाचा नमुना मोजत असलात, उदाहरणार्थ हेमेटाइट, तर धुळीचंच चुंबकत्व मोजलं जाईल. मॅग्नेटाइटला त्याने फार फरक पडत नाही. होल्डर अल्कोहोलने पुसा आणि डबीत बंद ठेवा.

सहावी: भुकटी गच्च बसली आहे का?

दातेरी रेघ दिसली की मी दुसरं काही बघतच नाही. सैल भुकटीचे दाणे चुंबकीय क्षेत्रात वळतात, क्षेत्राच्या दिशेने रांगा करतात. यंत्राला दाणा वळला की स्पिन वळला हे कळत नाही. जातानाची वाट आणि येतानाची वाट वेगळी होते, आणि कोअर्सिव्हिटीच्या आकड्याला काही अर्थ उरत नाही. टेफ्लॉन टेपमध्ये घट्ट गुंडाळा, नाहीतर थोड्या मेणात किंवा गोंदात जमवा. मेणाचं वजन वेगळं धरायला विसरू नका.

आकाराबद्दल एकच सांगते. गोल नमुन्यात मॅग्नेटाइटचं स्वतःचं विरोधी क्षेत्र सुमारे दोन हजार ओर्स्टेडपर्यंत जातं. लूप तिरका दिसतो तो बऱ्याच अंशी त्यामुळे. सॅच्युरेशनचा आकडा त्याने बदलत नाही. पर्मिएबिलिटी (क्षेत्राला मिळणारा प्रतिसाद) किंवा रेमनन्स (क्षेत्र काढल्यावर उरणारं चुंबकत्व) लिहिणार असाल तर मात्र ही दुरुस्ती करावीच लागते.

सातवी: निकेल

आता यंत्राकडे वळू. सायमन फोनर यांनी १९५६ च्या सुमारास हे यंत्र बनवलं, तेव्हापासून तत्त्व बदललेलं नाही. नमुना कंप पावतो, जवळच्या कॉइलमध्ये विद्युतदाब तयार होतो, आणि त्या दाबाचे इएमयू करण्यासाठी एक ओळखीचा नमुना लागतो. तो शुद्ध निकेल. खोलीच्या तापमानाला, पुरेशा क्षेत्रात, ग्रॅममागे साधारण ५५ इएमयू.

निकेल ठेवा आणि मोजा. ५५ आला तर यंत्र खरं बोलतंय आणि दोष नमुन्यात किंवा वहीत आहे. ४९ आला तर तुमचे सगळे आकडे त्याच प्रमाणात खाली आहेत. मग लगेच कॅलिब्रेशनचा गुणक बदलू नका, आधी जागा तपासा. नमुना क्षेत्राच्या दिशेने हलवला तर सिग्नल सगळ्यात कमी असेल तिथे थांबवायचा, आणि बाकी दोन दिशांना सगळ्यात जास्त असेल तिथे. या तिन्ही जुळण्या एकाच बिंदूवर यायला हव्यात. निकेल जिथे ठेवलं त्याच उंचीवर नमुना, आणि दोघांचा आकार जमेल तेवढा सारखा. निकेलचा छोटा गोळा आणि लांबोळकी भुकटीची पुडी, अशी तुलना करून अचूकतेची अपेक्षा धरता येत नाही.

आठवी: क्षेत्र आणि घाई

सगळ्या नमुन्यांत तेवढीच कोअर्सिव्हिटी दिसते, त्याची दोन कारणं. पहिलं, क्षेत्र गॉसमीटरने न मोजता करंटवरून धरलेलं असतं. इलेक्ट्रोमॅग्नेटच्या लोखंडी ध्रुवांत करंट शून्य केल्यावरही थोडं क्षेत्र उरतं आणि ते तुमच्या नमुन्याच्या नावावर जमा होतं. हॉल प्रोबने (क्षेत्र मोजायच्या कांडीने) थेट मोजा आणि प्रोब शून्य-क्षेत्राच्या डबीत ठेवून त्याचं शून्य आधी जुळवा. शून्य सरकलेलं असेल तर अख्खा लूप डावीकडे किंवा उजवीकडे सरकतो. काही मुलं त्याला एक्स्चेंज बायस, म्हणजे नमुन्याचाच गुणधर्म, म्हणून लिहितात, ते करू नका.

दुसरं कारण म्हणजे घाई. लॉक-इनला, म्हणजे गोंगाटातून कॉइलचा सिग्नल वेगळा काढणाऱ्या अॅम्प्लिफायरला, सिग्नल वाचायला वेळ लागतो. क्षेत्र सेकंदाला १०० ओर्स्टेडने फिरवलं आणि लॉक-इनचा टाइम कॉन्स्टंट ०.३ सेकंद ठेवला, तर प्रत्येक बाजूला ३० ओर्स्टेडचा उशीर होतो. लूप तेवढा उघडतो. वेग चौथाई करा आणि पुन्हा घ्या. उघडलेलं तोंड मिटलं तर ते नमुन्याचं नव्हतंच.

नववी: अर्थिंग, ऊन, पाणी

गोंगाट वाढला असेल तर इलेक्ट्रिशियनला बोलावून न्यूट्रल आणि अर्थिंगमधला दाब मोजून घ्या. दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर अर्थिंगकडे बघा. आपल्याकडे उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडाठाक होतो. त्यात पाणी ओतल्यावर रेघ शांत झालेली मी दोनदा पाहिली आहे.

इलेक्ट्रोमॅग्नेट थंड राहणंही तितकंच महत्त्वाचं. तांब्याचा रोध अंशामागे ०.३९ टक्क्यांनी वाढतो. कॉइल ३० अंशांनी तापली की रोध सुमारे १२ टक्के वाढलेला असतो आणि पॉवर सप्लाय तेवढा दाब देऊ शकत नसेल तर क्षेत्र टोकापर्यंत पोहोचतच नाही. लूप अर्धवट ताणलेला येतो. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. अशा गावात नळाचं पाणी सोडून मॅग्नेट थंड करणं शोभत नाही, आणि त्यातल्या क्षारांनी नळ्याही बुजतात. बंद फेऱ्याचा चिलर आणि त्यात डिस्टिल्ड पाणी, हाच उपाय. उन्हाळ्यात मी मोजण्या सकाळी सात ते अकरातच ठेवते.

इथवर सगळं ठीक, तरी आकडा कमीच

मग नमुना खरं सांगतोय असं धरा. ९२ हा मोठ्या दाण्यांचा आकडा आहे असं वर म्हटलं होतं. कॉलेजच्या बाकावर को-प्रेसिपिटेशनने होतात ते ८-१५ नॅनोमीटरचे कण. एवढ्या लहान कणात बराचसा लोह पृष्ठभागावर असतो. तिथे शेजारी ऑक्सिजन अर्धवट, बंध तुटलेले, आणि स्पिन वाकडे उभे राहतात. ए आणि बीची सरळ वजाबाकी तिथे लागू होत नाही. म्हणून ६० ते ७० इएमयू आले तर ती चूक नसते. कोअर्सिव्हिटी जवळजवळ शून्य असणंही अशा कणांना साजेसंच आहे; त्यांना सुपरपॅरामॅग्नेटिक म्हणतात.

एक काम मात्र करा. सॅच्युरेशन शेवटच्या बिंदूवरून वाचू नका. आडव्या अक्षावर एक भागिले क्षेत्र घेऊन चुंबकत्वाचा आलेख काढा आणि रेघ शून्यापर्यंत न्या. खोलीच्या तापमानाला, १० हजार ओर्स्टेडमध्ये, १० नॅनोमीटरचा कण सॅच्युरेशनपासून जेमतेम पावणेदोन टक्के दूर असतो, पण ५ नॅनोमीटरचा कण तेरा टक्के. घनफळ आठपट कमी, म्हणून दुरावा आठपट. कण बारीक असेल तर ही दुरुस्ती सोडून चालत नाही.

मॅग्नेटाइट की मॅगेमाइट हे एक्सआरडीवरून ठामपणे सांगता येत नाही. दोघांच्या घनाची बाजू ८.३९६ आणि सुमारे ८.३५ अँगस्ट्रॉम, आणि बारीक कणांच्या रुंद रेघांत हा फरक बुडून जातो. त्याला मॉसबॉअर, म्हणजे लोहाच्या अणुकेंद्रावर गॅमा किरण टाकून करायची मोजणी, लागतो. नमुन्यात फेरस उरलाय की नाही ते त्यावरून कळतं. थंड करून मोजता आलं तर १२० केल्विनच्या आसपास मॅग्नेटाइट फेरवे संक्रमण, म्हणजे रचनेतला आणि चुंबकत्वातला अचानक बदल, दाखवतो, मॅगेमाइट दाखवत नाही. पण फार बारीक कणांत ते पुसट होतं, त्यामुळे दिसलं नाही म्हणून मॅग्नेटाइट नाही असं म्हणू नका. कमी तापमानाच्या मोजण्यांसाठी यूजीसी-डीएई या संशोधन संस्थेच्या इंदूर केंद्राकडे मार्गदर्शकांमार्फत अर्ज करा. स्पिनचा वाटा आणि कक्षेचा वाटा वेगळा काढायचा असेल तर तो व्हीएसएमचा प्रांतच नाही. त्याला सिंक्रोट्रॉन या मोठ्या कणत्वरकावरचे वर्तुळ-ध्रुवित क्ष-किरण लागतात.

कुठे थांबायचं

पॉवर सप्लायचं झाकण उघडू नका. बंद केल्यावरही आतले कपॅसिटर भरलेले असतात. करंट वाहत असताना कॉइलची तार कधीही सोडवू नका. एवढ्या मोठ्या कॉइलमध्ये करंट अचानक तुटला की जीवघेणा दाब तयार होतो. करंट हळूहळू शून्यावर आणा, मगच बटण. वीज गेली तर ती परत यायच्या आत सप्लाय बंद करून ठेवा.

कॉइलवर पाण्याचा थेंब दिसला, जळका वास आला, कंपन करणारं डोकं ठकठक करायला लागलं, किंवा जागा नीट जुळवूनही निकेलचा आकडा तीन मोजण्यांत तीन वेगळा आला, तर यंत्र बंद करा आणि कंपनीच्या सर्व्हिस इंजिनियरला बोलवा. द्रव नायट्रोजनचं भांडं आणि त्याची पोकळी जाणकार माणूस शेजारी असल्याशिवाय हाताळू नका. बंद खोलीत नायट्रोजन ऑक्सिजनची जागा घेतो आणि माणसाला ते कळतही नाही. पेसमेकर असलेल्या कुणालाही मॅग्नेटच्या खोलीत येऊ देऊ नका, पाहुणे असले तरी.

इंजिनियर यायच्या आधी एक फाइल तयार ठेवा: गेल्या काही महिन्यांतले निकेलचे आकडे तारखांसह, रिकाम्या होल्डरचा लूप, खोलीचं तापमान, आणि बिघाड पहिल्यांदा दिसला त्या दिवशीची पानं. आमच्याकडे गेल्या खेपेला याच फाइलवरून लक्षात आलं की निकेलचा आकडा एका सोमवारपासून खाली गेला होता, आणि त्याच्या आदल्या शनिवारी पिकअप कॉइलचा कंस पुसण्यासाठी काढून परत बसवला होता.